घाट जिंकला, पण गाडी पाहिली नाही

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते. फलाटावर वडेवाल्यांची लगबग सुरू असते आणि त्याच वेळी गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जात असतात. मग पळसदरी मागे पडते, बोगद्यांची मालिका सुरू होते आणि तासाभरात प्रवासी लोणावळ्याच्या गारव्यात पोहोचतो. पावसाळ्यात याच प्रवासासाठी खिडकीच्या जागेवरून वाद होतात. मात्र सह्याद्रीच्या उभ्या कड्यावरून आगगाडी नेता येईल, हे प्रथम कागदावर कोणी मांडले, याचा विचार त्या खिडकीत बसलेला माणूस क्वचितच करतो. त्या अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच त्या काळच्या ‘जीआयपी’ कंपनीचे ते पहिले मुख्य अभियंता. आशियातील पहिली प्रवासी गाडी ज्या मार्गावरून धावली, तो मार्ग त्यांनी बांधला. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही चढणींची आखणी त्यांनी केली. परंतु या दोन्ही घाटांतून गाडी वर चढताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षण झाले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अभियांत्रिकीचे खरे धडे त्यांनी अनुभवी अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी करून घेतले. १८३९ मध्ये ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. रॉबर्ट हे वाफेच्या इंजिनाला रुळांवर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव. स्वतःही त्या युगातील अग्रगण्य रेल्वे अभियंते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बर्कले यांनी इंग्लंडमधील चर्नेट आणि ट्रेंट व्हॅली या रेल्वेमार्गांची जबाबदारी सांभाळली. गुरूचा शिष्यावर विश्वास बसला होता. हिंदुस्थानात जाऊन एक अवघड काम अंगावर घेईल अशा माणसाची गरज निर्माण झाली, तेव्हा स्टीफन्सन यांनी बर्कले यांचेच नाव सुचवले.

हे काम अवघड का होते, हे समजून घेण्यासाठी त्या काळचे अर्थकारण पाहावे लागते. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. वऱ्हाडात आणि दख्खनच्या पठारावर तो पिकत होता. पण मुंबई बंदरापर्यंत तो येत असे बैलांच्या पाठीवरून किंवा बैलगाड्यांतून. वाटेत धूळ, पाऊस आणि सह्याद्री. १८३० मध्ये भोर घाटातून गाडीरस्ता झाला होता, तरी पावसाळ्यात मालाची दैना टळत नसे. मुंबईतील जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या धुरीणांनी १८४५ च्या सुमारास आगगाडीचा आग्रह धरला, तर जॉन चॅपमन यांनी लंडनमध्ये कंपनी उभी करण्यासाठी खटपट केली. अखेर १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेने कंपनीच्या स्थापनेचा कायदा संमत केला. ईस्ट इंडिया कंपनीने भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली. हे व्याज अर्थातच हिंदुस्थानच्या महसुलातून जाणार होते. इतके करूनही परवानगी मिळाली ती केवळ एका छोट्या, ‘प्रायोगिक’ मार्गासाठी. प्रयोग फसला असता, तर सह्याद्री ओलांडण्याचे स्वप्न तेथेच विरले असते.

फेब्रुवारी १८५० मध्ये बर्कले मुंबईत उतरले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे तीस. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीवजवळ समारंभपूर्वक पहिली कुदळ मारण्यात आली. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर अवघे २१ मैलांचे. परंतु आज ज्या भागात इमारतींना इमारती खेटून उभ्या आहेत, तेथे तेव्हा खाजणे होती. शीव आणि कुर्ल्याच्या दरम्यान दलदलीत भराव घालावा लागला. रूळ, इंजिने, डबे आणि यंत्रसामग्री असे सारे जड सामान विलायतेहून, आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने येत होते. सुएझचा कालवा खुला व्हायला आणखी एकोणीस वर्षे होती.

१८५२ मध्ये मुंबईकरांनी पहिल्यांदा वाफेचे इंजिन पाहिले. फॅव्हिएल आणि फाउलर या कंत्राटदारांनी बांधकामाच्या कामासाठी ते आणले होते आणि तत्कालीन गव्हर्नरांवरून त्याला ‘लॉर्ड फॉकलंड’ असे नाव दिले होते. भायखळ्याच्या परिसरात धूर ओकत, शिट्टी मारत फिरणारे ते लोखंडी धूड पाहण्यासाठी माणसांची झुंबड उडे. बैल नाही, घोडा नाही आणि तरी गाडी चालते, याचे कुतूहल जितके होते, तितकीच भीतीही होती. १८ नोव्हेंबर १८५२ रोजी याच इंजिनाने कंपनीच्या संचालकांना आणि निमंत्रितांना घेऊन ठाण्यापर्यंतची चाचणी फेरी पूर्ण केली.

प्रवासी वाहतुकीसाठी इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीकडून आठ इंजिने मागवण्यात आली. १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली. सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि मार्गाच्या दुतर्फा उसळलेली गर्दी. गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही नावे आजही मराठी शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानात आहेत. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र या सोहळ्याला हजर नव्हते. आदल्या दिवशीच ते उन्हाळ्याच्या मुक्कामासाठी डोंगरावर रवाना झाले होते. ज्यांचे नाव पहिल्या इंजिनाला मिळाले, त्यांनाच पहिल्या गाडीचे अप्रूप वाटले नाही, हा योगायोग मजेशीर खरा.

चारच दिवसांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी देशभर लोहमार्गांचे जाळे विणण्याची आपली प्रसिद्ध शिफारस लिहून पूर्ण केली. वर्षभरात ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर ओलांडून १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. प्रयोग यशस्वी ठरला होता. बर्कले यांच्या पुढे आता खरा प्रश्न उभा होता तो सह्याद्रीचा.

कंपनीच्या मूळ योजनेत माळशेज घाटातून मार्ग नेण्याचा विचार होता. आज भटक्यांना आणि धबधब्यांच्या शौकिनांना परिचित असलेला हा घाट नकाशावर सोयीचा दिसत होता. एकदा वर चढले, की एक फाटा वऱ्हाडाकडे आणि एक दक्षिणेकडे काढता येईल, असा हिशेब होता. बर्कले यांनी डोंगर प्रत्यक्ष पायाखाली घातला आणि हा हिशेब मोडीत काढला. माळशेजची चढण रेल्वेला परवडणारी नव्हती. त्यांनी कल्याणपासूनच मार्ग दुभंगावा असे सुचवले. ईशान्येची शाखा कसाऱ्याहून थळ घाटाने इगतपुरीकडे आणि आग्नेयेची शाखा पळसदरीहून भोर घाटाने खंडाळ्याकडे, अशी ही आखणी होती. एकाऐवजी दोन घाट बांधायचे म्हणजे खर्च वाढणार, हे उघड होते. तरीही हा सल्ला मानला गेला. मध्य रेल्वेचा कल्याणनंतर दोन दिशांना फुटणारा नकाशा त्या निर्णयातून आला आहे.

भोर घाटाची चढण सुमारे पावणेसोळा मैलांची. तेवढ्या अंतरात गाडीला १८३१ फूट वर न्यायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट, असा होता. गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाके फिरतात. चढ जास्त झाला की चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि उतारावर तीच गाडी आवरेनाशी होते. त्यामुळे इतक्या मोठ्या चढणीवर केवळ इंजिनाच्या बळावर प्रवासी गाड्या नेणे हे त्या काळी धाडसच होते. बर्कले यांनी अनेक मोसम सर्वेक्षणात घालवले. काही ठिकाणी कडे इतके सरळ होते, की मोजमापे घेणाऱ्यांना दोरांनी खाली सोडावे लागे.

या आखणीतील सर्वांत कल्पक भाग म्हणजे खंडाळ्याच्या अलीकडचे रिव्हर्सिंग स्टेशन. एका टप्प्यावर पुढे कडा आणि खाली दरी असल्याने मार्गाला वळण देण्यास जागाच उरत नव्हती. बर्कले यांनी मार्ग तेथेच थांबवला. वर चढणारी गाडी डोंगराच्या त्या टोकावर येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या एका बाजूने यावे आणि दुसऱ्या बाजूने वर जावे, तसाच हा प्रकार होता. उतारावर सुटलेली गाडी आवरण्यासाठी मुख्य मार्गापासून फुटून उलट चढावर जाणारे रूळही टाकण्यात आले. ‘कॅच सायडिंग’ या नावाने ही सोय आजही घाटात आहे. घाटासाठी इंजिनेही वेगळी लागली. बाष्पकाच्या पाठीवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेली, जादा चाकांची आणि जादा वजनाची ही इंजिने होती. टाकीतील पाण्याचे ओझे चाकांवर पडून त्यांची रुळांवरची पकड वाढावी, हा त्यामागचा हेतू.

२४ जानेवारी १८५६ रोजी भोर घाटाचे काम सुरू झाले. कंत्राट मिळाले ठाण्याच्या मार्गाचा अनुभव असलेल्या विल्यम फॅव्हिएल यांना. एकंदर २५ बोगदे, आठ उंच कमानी पूल आणि असंख्य लहान पूल व मोऱ्या बांधायच्या होत्या. बोगद्यांची एकत्रित लांबी सव्वादोन मैलांहून अधिक भरत होती. हे बोगदे काळ्या कातळातून, हाताने छिद्रे पाडून आणि सुरुंगाची दारू ठासून खोदले जात होते. मैदानी प्रदेशात बोगदा खोदताना वरून विहिरी पाडून मधूनही काम सुरू करता येते. येथे डोंगराच्या रचनेमुळे ती सोय नव्हती. दोन्ही तोंडांकडूनच आत शिरावे लागत होते.

बर्कले यांच्या कारकिर्दीतील एक बाब आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. हिंदी कंत्राटदार मोठी कामे पेलू शकणार नाहीत, असा समज गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये सर्रास होता. बर्कले यांनी तो मानला नाही. त्यांनी स्थानिक कंत्राटदारांना कामे दिली आणि त्यांच्या कामाची जाहीरपणे वाखाणणीही केली. सुतारकामापासून सुरुवात करून रेल्वेचे मोठे कंत्राटदार झालेले पारशी गृहस्थ जमशेटजी दोराबजी हे त्यातील ठळक नाव. डिसेंबर १८५७ मध्ये, उत्तर हिंदुस्थान उठावाने पेटलेला असताना, बर्कले यांनी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये भोर घाटाच्या कामावर सविस्तर निबंध वाचला. जीआयपी रेल्वेवरील त्यांचा दुसरा निबंध १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये सादर झाला. घाटबांधणीचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे दोन्ही निबंध टाळून पुढे जाता येत नाही.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून बर्कले यांचे चरित्र पूर्ण होत नाही. घाट फोडणारे हात दख्खनच्या आणि कोकणच्या गावांतून आले होते. त्यात स्त्रिया आणि मुलेही होती. पेरणीच्या दिवसांत माणसे गावी परतत, पावसाळ्यात काम थंडावे आणि उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष होई. दाटीवाटीच्या झोपड्यांत पटकीची साथ शिरली, की माणसे पटापट मरत. सुरुंगाच्या स्फोटांत, दरडींखाली आणि कड्यांवरून पडूनही अनेकांनी जीव गमावला. आठ वर्षांत किती माणसे दगावली, याची नावनिशीवार यादी कोणी ठेवली नाही. अभ्यासकांचे अंदाज मात्र हजारोंच्या घरात जातात.

त्यातच मजुरी थकू लागली. मुख्य कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार आणि त्याखाली मुकादम अशा साखळीत मजुराच्या हाती पैसा पोहोचेपर्यंत तो झिजत असे. जानेवारी १८५९ मध्ये या असंतोषाचा भडका उडाला. चिडलेल्या मजुरांनी दंगल केली आणि तीत एका युरोपीय माणसाचा बळी गेला. सरकारने चौकशी केली, तेव्हा मजुरांची तक्रार निराधार नव्हती, हे पुढे आले. पुढच्या वर्षी रेल्वे आणि अन्य सार्वजनिक कामांवरील मजूर व मालक यांच्यातील मजुरीचे तंटे झटपट मिटवण्यासाठी १८६० चा नववा कायदा आला. भोर घाटातील दंगल हे या कायद्याचे एक महत्त्वाचे निमित्त होते. कामगार कायद्यांच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख फारसा होत नाही; तो व्हायला हवा.

मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनीच, म्हणजे बर्कले यांच्या खात्यानेच, काम रेटले. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल हे नवे कंत्राटदार आले. परंतु घाटात पोहोचून फार दिवस होण्याआधीच, नोव्हेंबर १८५९ च्या अखेरीस, आजाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मायदेशी परतण्याऐवजी पतीचे कंत्राट स्वतःकडे घेतले आणि ॲडमसन व क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांवर कामाची देखरेख सोपवली. कामाने वेग घेतला. १८६१ च्या प्रारंभी या एका घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. एकोणिसाव्या शतकात एका विधवा स्त्रीच्या नावावर जगातील अवघड रेल्वेकामांपैकी एक पूर्ण व्हावे, ही घटना असाधारणच म्हणावी लागेल.

या साऱ्या काळात घाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या धावत होत्या. १८५६ मध्ये मुंबईकडून खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत मार्ग खुला झाला. मधली चढण प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीरस्त्याने पार करत. मालाचे गठ्ठे एका गाडीतून उतरवून घाटातून वाहून न्यायचे आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवायचे, असा द्राविडी प्राणायाम चाले. साहजिकच प्रत्येक दिवसाचा उशीर कंपनीला बोचत होता आणि त्याचा भार मुख्य अभियंत्याच्या डोक्यावर होता.

अकरा वर्षांच्या अविश्रांत श्रमांनी आणि हवामानाने बर्कले यांची प्रकृती ढासळली. गुरू रॉबर्ट स्टीफन्सन १८५९ मध्येच निवर्तले होते. एप्रिल १८६१ मध्ये, घाटाचे काम ऐन भरात असताना, बर्कले यांना मुंबई सोडावी लागली. मायदेशीच्या हवेने प्रकृतीला उतार पडला नाही. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना त्रेचाळिसावे वर्ष लागले होते.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत भोर घाटाचे उद्घाटन झाले. मुंबई आणि पुणे लोहमार्गाने जोडली गेली. एकट्या या चढणीवर सुमारे अकरा लाख पौंड खर्च झाले होते. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटही खुला झाला. तेथे नऊ मैलांत ९७२ फुटांची चढण आहे. पुढे १८६७ मध्ये नागपूर, १८७० मध्ये जबलपूर आणि १८७१ मध्ये रायचूर अशी बर्कले यांनी आखलेल्या जाळ्याची टोके एकेक करून गाठली गेली. त्यांच्या सहकाऱ्यांनी व चाहत्यांनी स्मारकनिधी उभारला आणि मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक ठेवले.

काळाने या कामाची परीक्षाही कठोरपणे घेतली. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक उंच कमानी पूल कोसळला. घाईत आणि निकृष्ट दर्जाने झालेल्या दगडी बांधकामाची लक्तरे त्या निमित्ताने उघड झाली. १८६९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी आवरता न आल्याने भीषण अपघात झाला. आखणी निर्दोष असली, तरी कंत्राटी कामावरची देखरेख तितकी काटेकोर राहिली नव्हती. मुख्य अभियंता या नात्याने या दोषातील काही वाटा बर्कले यांच्याकडेही जातो. १९२९ मध्ये विद्युतीकरणाबरोबर घाटात नवे वळण आणि नवे बोगदे आले, तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. परंतु उरलेल्या मार्गाचा मोठा भाग त्यांनी निवडलेल्या डोंगरसोंडेवरूनच जातो. कर्जतला गाडीमागे इंजिने जोडावी लागतात, तीही त्यांनीच स्वीकारलेल्या ३७ फुटांमागे एक फूट या चढामुळे.

पहिल्या गाडीची आठवण निघते, तेव्हा तोफांची सलामी आणि तीन इंजिनांची नावे हमखास सांगितली जातात. घाटाची आठवण निघते, तेव्हा धबधबे आणि धुके. या दोन्हींच्या मागे उभा असलेला अभियंता बेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील अकरा वर्षे या मातीत खर्चून गेला. त्याचे नाव निदान एका पदकावर तरी कोरले गेले. कातळात छिद्रे पाडणाऱ्या, मजुरी थकलेल्या आणि पटकीने मेलेल्या हजारो माणसांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पंचवीस बोगदे दोघांनी मिळून खोदले आहेत, एकाने कागदावर आणि इतरांनी कातळात. घाट चढताना डब्यात अंधार होतो, तेव्हा या दोघांचीही आठवण ठेवायला हवी.